विषाणू आपली प्रथिने मोजूनमापून का बनवतात?

मुळाकाठ (धागाकर्ता)
रविवार, सकाळी ९:२०

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीच्या धाग्यात 'हडपसरी' यांनी विचारलेला एक प्रश्न लसीची किंमत आणि मात्रा यांच्या चर्चेत मागे पडला. एचपीव्हीचा, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, संसर्ग होऊन गेलेल्या अनेक स्त्रियांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड (अँटिबॉडी) फारच कमी सापडतात, काहींच्या रक्तात तर मोजण्याइतकेही सापडत नाहीत. मग त्याच विषाणूचे एकच प्रथिन दंडात टोचल्यावर प्रतिपिंड भरपूर कसे तयार होतात, असा तो प्रश्न होता. अख्खा जिवंत विषाणू जे करू शकत नाही ते त्याचे रिकामे कवच करते, हे वरवर पाहता उलटेच वाटते. याचे उत्तर विषाणू कोणते प्रथिन बनवतो यात जितके आहे, तितकेच तो ते किती, केव्हा आणि कोणत्या पेशीत बनवतो यातही आहे. म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

विषाणूंच्या लपण्याविषयी आपण बहुधा रूप पालटण्याची हकीकत ऐकलेली असते. इन्फ्लुएंझाचा विषाणू पृष्ठभागावरचे प्रथिन थोडेथोडे बदलत राहतो आणि एचआयव्ही तर एकाच रुग्णाच्या शरीरात सतत बदलत असतो. हे खरे आहे, पण एवढ्याने काम भागत नाही. कारण असेही विषाणू आहेत की ज्यांची प्रथिने फारशी बदलत नाहीत आणि तरीही ते माणसाच्या शरीरात जन्मभर मुक्काम ठोकून असतात. त्यांनी साधले आहे ते उत्पादनाचे नियमन. माझ्या मते लोकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या विज्ञानलेखनात या बाजूकडे फार दुर्लक्ष झाले आहे.

प्रथम आपली प्रतिकारयंत्रणा पेशीच्या आत कशी पाहते ते सांगितले पाहिजे. प्रतिपिंड पेशीच्या बाहेर काम करतात. आत दडलेल्या विषाणूपर्यंत ते सहसा पोहोचत नाहीत. आतल्या घडामोडींची खबर मारक टी पेशींना मिळते ती एका वेगळ्याच व्यवस्थेमुळे. एखाद्या आळीत प्रत्येक घराने आज चुलीवर जे शिजले त्याचा एकेक घास उंबरठ्याबाहेर ठेवायचा असा दंडक असावा, तशी ही व्यवस्था आहे. पेशीत तयार झालेल्या प्रथिनांपैकी काहींचे प्रोटिएसोम नावाच्या यंत्रणेत तुकडे होतात, त्यांतले साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचे तुकडे टॅप नावाच्या वाहकातून पेशीतल्याच एका पडदेदार कप्प्यात नेले जातात, तिथे ते एमएचसी वर्ग १ या रेणूवर बसवले जातात आणि त्यासह पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात. मारक टी पेशी हे तुकडे तपासत फिरते आणि परका तुकडा ओळखता आला की तो मांडणाऱ्या पेशीला मारते. टी पेशी परका तुकडा सुटा ओळखत नाही, तर स्वतःच्या एमएचसी रेणूवर बसलेलाच ओळखते, हे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कळीचा मुद्दा येतो. पृष्ठभागावर मांडले जाणारे तुकडे कोणत्या प्रथिनांचे असतात? साधा तर्क सांगतो की जुनी, झिजलेली प्रथिने मोडीत निघत असणार आणि त्यांचेच तुकडे बाहेर जात असणार. तसे असते तर इन्फ्लुएंझासारख्या विषाणूची टिकाऊ प्रथिने झिजून मोडीत निघेपर्यंत टी पेशींना पत्ताच लागला नसता. प्रत्यक्षात मात्र संसर्गानंतर थोड्याच वेळात तुकडे पृष्ठभागावर दिसू लागतात. या विसंगतीवरून जोनाथन युडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अशी कल्पना मांडली की यातले पुष्कळसे तुकडे नुकत्याच बनलेल्या, पण अर्धवट राहिलेल्या किंवा घडी नीट न पडलेल्या प्रथिनांचे असतात. नव्याने बनणाऱ्या प्रथिनांपैकी किती टक्के अशी वाया जातात यावर अजून वाद आहे. २००० मध्ये मांडलेला ३० टक्क्यांपर्यंतचा अंदाज अनेकांना जास्त वाटतो. मात्र मूळ मुद्दा बराच टिकला आहे. मारक टी पेशीला पेशीतला साठा कमी आणि चालू उत्पादन जास्त दिसते.

हे मान्य केले की विषाणूपुढची अडचण आणि तिच्यावरची वाट दोन्ही स्पष्ट होतात. ज्याला जन्मभर राहायचे आहे त्याने एखादे अत्यावश्यक प्रथिन अगदी सावकाश बनवावे आणि बनलेले प्रथिन दीर्घकाळ टिकवावे. (विषाणू 'ठरवतो' वगैरे भाषा मी सोयीसाठी वापरत आहे, इथे ठरवणारे कोणी नाही, जे टिकले ते टिकले.)

याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण एपस्टाइन-बार विषाणूचे आहे. हा विषाणू १९६४ मध्ये अँथनी एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी बर्किट लिम्फोमा या कर्करोगाच्या पेशींमध्ये पाहिला. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो, म्हणजे हा धागा वाचणाऱ्या बहुतेकांच्या शरीरातही तो आहे. तो बी पेशींमध्ये, म्हणजे प्रतिपिंड बनवणाऱ्या घराण्यातल्या पेशींमध्ये, राहतो, आणि ती पेशी विभागली की त्याचा जनुकसंच दोन्ही कन्यापेशींत जावा यासाठी त्याला ईबीएनए-१ हे प्रथिन लागतेच. त्याशिवाय त्याचे चालत नाही, आणि ते बनवले तर ओळख उघडी पडण्याची भीती असते. या प्रथिनाच्या मधोमध ग्लायसिन आणि ॲलनिन या दोनच अमिनो आम्लांची कंटाळवाणी वाटावी इतकी लांब पुनरावृत्ती आहे. अभ्यासात नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्रकारात एकूण ६४१ पैकी दोनशेहून अधिक जागा तिने व्यापल्या आहेत.

ही पुनरावृत्ती विषाणूला टी पेशींपासून वाचवते, हे १९९५ मध्ये दिसून आले. ती उचलून त्याच विषाणूच्या दुसऱ्या, सहज ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनात बसवली तर टी पेशींना तेही ओळखू येईनासे झाले. तेव्हा स्पष्टीकरण असे दिले गेले की या भागामुळे प्रोटिएसोमला प्रथिन फोडता येत नाही. पुढे २००३ मध्ये यिन, मनूरी आणि फाराएयस यांनी वेगळी बाजू पुढे आणली: ही पुनरावृत्ती प्रथिनाचे तुकडे होणे रोखत असो वा नसो, ती स्वतःच्याच प्रथिनाचे संश्लेषण मंदावते, आणि टी पेशींना दिसणे-न दिसणे हे त्या मंद वेगाशी जुळते. २००८ मध्ये आणखी एक धागा सापडला. अमिनो आम्लांचा क्रम तोच ठेवून आरएनएतील कोडॉन (एकेक अमिनो आम्ल सांगणारे तीन अक्षरांचे संकेत) बदलले, तर प्रथिन जास्त बनते आणि टी पेशींना जास्त दिसते. याचा अर्थ लपण्याची युक्ती काही अंशी प्रथिनात नसून ते घडवणाऱ्या संदेशवाहक आरएनएच्या रचनेतच आहे. त्या आरएनएत ग्वानिन या अक्षराचे प्रमाण इतके आहे की त्याच्या जी-क्वाड्रुप्लेक्स नावाच्या चौपदरी गाठी पडतात आणि आरएनए वाचून प्रथिन घडवणाऱ्या रायबोसोमची वाटचाल अडखळते, असे २०१४ मध्ये मांडले गेले. आणि आपल्याच पेशीतील न्यूक्लिओलिन हे प्रथिन या गाठींना चिकटून उत्पादन दाबायला हातभार लावते, हे २०१७ मध्ये दिसले. विषाणूने यजमानाच्याच प्रथिनाला आपल्या दाराची कडी केले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एचपीव्ही अभिस्तर ऊतीच्या (त्वचेसारख्या अस्तराच्या) सर्वांत खालच्या थरातील पेशींत शिरतो आणि तिथे आपली प्रथिने फार थोडी बनवतो. कवचाचे एल-१ हे प्रथिन तो तिथे बनवतच नाही. पेशी वर सरकत, पक्व होत, आपोआप गळून पडण्याच्या बेतात येते तेव्हा सर्वांत वरच्या थरांत एल-१ तयार होते. पेशी फोडून बाहेर पडणे नाही, त्यामुळे दाह नाही. विषाणू रक्तात उतरत नाही. शिवाय एल-१ च्या जनुकात मानवी पेशीत क्वचित वापरले जाणारे कोडॉन भरपूर आहेत. ते बदलले तर अपक्व पेशीतही हे प्रथिन बनते, हे १९९९ मध्ये दाखवले गेले. लसीत याच्या नेमके उलट केले जाते. आपल्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक घ्या: ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांचे एल-१ यीस्टमध्ये मोठ्या प्रमाणावर बनवले जाते, ते आपणहून कवचाच्या आकारात जुळते, आणि ते थेट स्नायूत, प्रतिकारपेशींच्या वाटेवर पोहोचते. विषाणू जे प्रथिन गळून पडणाऱ्या पेशींत उरकून घेतो, तेच हडपसरला टाक्यांमध्ये उघडपणे बनवले जाते.

हडपसरी
रविवार, दुपारी १२:०५

माझ्या प्रश्नाला एवढे सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते, आभार. एक शंका मात्र राहते. कमी बनवण्याने लपता येत असेल, तर हे विषाणू प्रथिने पूर्णपणे बंद का करत नाहीत? थोडे तरी दिसण्याचा धोका का पत्करायचा? टी पेशी मोजक्या तुकड्यांवरूनही सावध होतात असे वाचल्याचे आठवते.

मुळाकाठ
रविवार, दुपारी ३:४०

काही विषाणू पूर्णपणे बंद करतातही. एपस्टाइन-बार विषाणू विश्रांत स्मृती-बी पेशीत असतो तेव्हा तो जवळजवळ कोणतेच प्रथिन बनवत नाही. ईबीएनए-१ लागते ते ती पेशी विभागायला निघाली की. ओठावर फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स चेतापेशींत सुप्त असतो तेव्हा त्याच्या जनुकसंचातून प्रामुख्याने एक आरएनए बनत राहतो, ज्यापासून प्रथिन बनवण्याची गरजच नसते. आणि ज्याचे प्रथिन नाही त्याचे तुकडे टी पेशीपुढे येत नाहीत.

पण पूर्ण बंदीची किंमत असते. विभागणाऱ्या पेशीत जनुकसंच टिकवायचा तर काहीतरी बनवावेच लागते, आणि दुसऱ्या माणसात जायचे तर केव्हातरी सगळी प्रथिने बनवून नवे विषाणू बाहेर सोडावे लागतात. म्हणून कायमची चुप्पी परवडत नाही. आपल्या दुसऱ्या मुद्द्यावर एक गोष्ट सांगतो, जी मूळ लेखात यायला हवी होती इतकी महत्त्वाची आहे: २००४ मध्ये अनेक गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की ईबीएनए-१ ओळखणाऱ्या मारक टी पेशी निरोगी माणसांत असतात आणि त्या बाधित पेशी काही प्रमाणात ओळखतातही. त्यामुळे याला अदृश्यता म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. ओळख पटायला उशीर होईल आणि ती अर्धवट राहील, एवढीच ही व्यवस्था आहे.

तळजाई
रविवार, रात्री ९:१५

वैद्यकशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी या नात्याने एक भर घालते. विषाणूला स्वतःचे उत्पादन कमी करण्याबरोबर आणखी एक मार्ग खुला असतो, तो म्हणजे यजमानाच्या एमएचसी रेणूंचा पुरवठा तोडणे. मानवी सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पिसच्याच कुळातला एक विषाणू, यात पारंगत आहे. त्याची यूएस-२ आणि यूएस-११ ही प्रथिने नव्याने बनलेले एमएचसी वर्ग १ रेणू पकडून मोडीत पाठवतात, यूएस-३ ते आतच अडकवून ठेवते आणि यूएस-६ टॅप वाहकाला अडवते. एकाच कामाला चार प्रथिने ठेवण्याची उधळपट्टी पाहिली की टी पेशींचा दाब किती असेल याची कल्पना येते.

मात्र पृष्ठभाग रिकामा करणे हेही संशयास्पदच ठरते. एमएचसी नसलेल्या पेशीला नैसर्गिक मारक पेशी म्हणजे एनके पेशी मारतात. त्यामुळे हाच विषाणू यूएल-४० या प्रथिनातून एक नऊ अमिनो आम्लांचा तुकडा पुरवतो, जो हुबेहूब आपल्या स्वतःच्या एचएलए रेणूंपासून (माणसातील एमएचसी रेणूंचे हे नाव) निघणाऱ्या तुकड्यासारखा असतो. तो एचएलए-ई वर बसतो, टॅपशिवाय बसतो, आणि एनके पेशीला सर्व काही आलबेल असल्याचा निरोप देतो. टॅप स्वतःच बंद पाडल्यावर टॅपची गरज नसलेली वाट शिल्लक ठेवणे हे मला या विषयातले सर्वांत थक्क करणारे उदाहरण वाटते.

एचआयव्हीचे नेफ हे प्रथिन वेगळ्या रीतीने तोल साधते. मारक टी पेशींना प्रामुख्याने तुकडे दाखवणारे एचएलए-ए आणि एचएलए-बी ते पृष्ठभागावरून खाली ओढते, पण एनके पेशींना शांत ठेवणारे एचएलए-सी सोडून देते. अलीकडे असेही दिसले आहे की काही रुग्णांमधील एचआयव्ही दुसऱ्या एका प्रथिनाने, व्हीपीयूने, एचएलए-सी सुद्धा कमी करतो. तेव्हा हा तोल एका ठिकाणी स्थिरावलेला नाही.

ओंकारेश्वर
सोमवार, सकाळी ८:३०

लेख चांगला आहे, परंतु धागाकर्त्यांचे मुख्य प्रतिपादन एकांगी वाटते. विषाणू कमी बनवून लपतात असे म्हणायचे असेल, तर हिपॅटायटिस बी चे काय करायचे? त्याच्या रुग्णाच्या रक्तात पृष्ठप्रथिनाचे साधारण २२ नॅनोमीटरचे रिकामे कण असतात आणि त्यांची संख्या खऱ्या विषाणूंच्या हजारपटीपासून लाखपटीपर्यंत जाते. हा विषाणू उत्पादन कमी करण्याऐवजी बेसुमार वाढवतो. प्रतिपिंड त्या रिकाम्या कणांना चिकटून संपतात, आणि इतक्या प्रतिजनापुढे (प्रतिकारयंत्रणा ओळखते त्या परक्या पदार्थापुढे) वर्षानुवर्षे राहिलेल्या टी पेशी थकून निष्क्रिय होतात. बारूक ब्लूमबर्ग यांना हे प्रथिन 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' म्हणून रक्तात सापडले ते याच विपुलतेमुळे.

इबोलाचेही तसेच. त्याच्या ग्लायकोप्रोटीनच्या जनुकातून बनणारा बहुतांश आरएनए एक छोटे, रक्तात सुटे फिरणारे प्रथिन देतो. विषाणूच्या पृष्ठभागावर लागणारे पूर्ण प्रथिन बनायला, आरएनएची प्रत काढणाऱ्या त्याच्या पॉलिमरेझने ॲडेनिन या अक्षराच्या सात जणांच्या ओळीवर अडखळून आठवे ॲडेनिन घालावे लागते, आणि ते थोड्याच वेळा घडते. सुटे प्रथिन प्रतिपिंडांना भलतीकडे गुंतवते. इथे कमी आणि जास्त दोन्ही एकाच जनुकात आहे.

दुसरे म्हणजे, ईबीएनए-१ मधली ती पुनरावृत्ती प्रतिकारयंत्रणेच्या दाबामुळेच टिकली याचा पुरावा काय? अशा कंटाळवाण्या पुनरावृत्ती जनुकसंचात आपोआपही तयार होतात, आणि त्या रायबोसोमला जड जात असतील तर तो निव्वळ दुष्परिणामही असू शकेल.

मुळाकाठ
सोमवार, रात्री १०:१०

पहिली हरकत मान्य आहे. म्हणूनच शीर्षकात मी 'कमी' न म्हणता 'मोजूनमापून' म्हटले आहे. इबोलाचे आपण दिलेले उदाहरण तर माझ्या बाजूने अधिक बोलते, कारण पूर्ण ग्लायकोप्रोटीन जास्त झाले तर ते पेशीलाच घातक ठरते. प्रमाण राखणे हाच तिथे नियम आहे. हिपॅटायटिस बी बद्दल मात्र मी एक भेद करीन. रक्तात ओतले जाणारे प्रथिन हे प्रतिपिंडांना गुंतवते, पेशीच्या आतील उत्पादन मारक टी पेशींना दिसते. हे दोन वेगळे पहारे आहेत आणि एकाला चकवण्याची रीत दुसऱ्यापुढे चालेलच असे नाही.

दुसऱ्या हरकतीला पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही, पण एक भक्कम आनुषंगिक पुरावा आहे. कपोसी सार्कोमाशी संबंधित हर्पिस विषाणू, जो १९९४ मध्ये सापडला, त्याचे लाना हे प्रथिन ईबीएनए-१ चेच काम करते: विभागणाऱ्या पेशीत विषाणूचा जनुकसंच टिकवणे. त्यातही मधोमध लांब पुनरावृत्ती आहे, पण तिची घडण पूर्ण वेगळी आहे. ग्लायसिन-ॲलनिनऐवजी तिथे आम्लधर्मी अमिनो आम्लांचा भरणा आहे. तरीही ती आपल्याच प्रथिनाचे संश्लेषण मंदावते आणि टी पेशींना दिसणारे तुकडे कमी करते. क्रम वेगळा, जागा तीच आणि परिणाम तोच. केवळ योगायोग म्हणून हे सोडून देणे मला अवघड जाते. उलट बाजूने, बबून माकडांच्या अशाच विषाणूतील ईबीएनए-१ ची पुनरावृत्ती आखूड आहे आणि ती असे संरक्षण देत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो विषाणू त्याशिवायही जगतोच आहे.

पाषाण टेकडी
मंगळवार, सकाळी ७:५०

मी प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे हे वेग मोजतात कसे याविषयी थोडे लिहितो, कारण 'कमी बनते' आणि 'बनून लवकर मोडते' यांतला फरक नुसते प्रमाण मोजून कळत नाही. पेशींना थोडा वेळ किरणोत्सारी गंधक असलेले मेथिओनिन देतात, म्हणजे त्या अवधीत बनलेली प्रथिनेच खुणेची होतात. मग साधे मेथिओनिन देऊन ठरावीक अंतराने नमुने काढतात. सुरुवातीला खूण किती लागली यावरून बनण्याचा वेग आणि ती किती काळ टिकली यावरून मोडण्याचा वेग कळतो. ईबीएनए-१ वरचा सगळा वाद या दोन आकड्यांना वेगळे करण्यावर उभा आहे. २००९ पासून रायबोसोम प्रोफायलिंगची पद्धतही हाताशी आली, ज्यात त्या क्षणी रायबोसोम आरएनएवर नेमका कुठे बसला आहे ते वाचता येते.

दुसरा मुद्दा. या धाग्यात आतापर्यंत विषाणूच्या उत्पादनावरच चर्चा झाली, पण यजमान पेशीही उत्पादन थांबवण्याचे अस्त्र वापरते. विषाणूंच्या वाढीत दुपदरी आरएनए तयार होतो. तो पीकेआर या प्रथिनाला जाणवला की ते प्रथिनसंश्लेषण सुरू करायला लागणाऱ्या ईआयएफ-२ अल्फा या घटकावर फॉस्फेट चढवते आणि पेशीतले प्रथिनसंश्लेषण जवळपास ठप्प होते. विषाणू अडतो, पण पेशीही उपाशी राहते. यावर व्हॅक्सिनिया या देवीच्या लसीतल्या विषाणूचे के-३-एल हे प्रथिन ईआयएफ-२ अल्फाचा तोतया बनून पीकेआरला गुंतवते, ई-३-एल दुपदरी आरएनएच झाकून टाकते, आणि हर्पिस सिम्प्लेक्सचे आयसीपी ३४.५ चढवलेले फॉस्फेट उतरवण्याची सोय करते. २०१२ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला: ई-३-एल काढून टाकलेला व्हॅक्सिनिया मानवी पेशींत वाढवत ठेवला, तर थोड्याच पिढ्यांत त्याच्या जनुकसंचात के-३-एल च्या प्रती एकामागोमाग एक वाढत गेल्या. प्रथिन हवे तितके परिणामकारक नव्हते, तर विषाणूने त्याचे प्रमाणच वाढवले. पुढे चांगले उत्परिवर्तन सापडल्यावर जादा प्रती गळून पडू शकतात. नियमनाचे याहून उघड उदाहरण मला माहीत नाही.

तिसरा मुद्दा पुण्याच्या आठवणीतला आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू या शहरात झाला आणि नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. इन्फ्लुएंझाचे एनएस-१ हे प्रथिन साधारणपणे पेशीच्या सीपीएसएफ-३० या घटकाला धरून यजमानाच्या आरएनएची पक्व होण्याची प्रक्रिया अडवते, त्यामुळे इंटरफेरॉनसारखी इशारा देणारी प्रथिने बनत नाहीत. २००९ च्या विषाणूचे एनएस-१ या कामात कमकुवत होते, हे पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. तरीही तो जगभर पसरला. माणसांत फिरता फिरता नंतरच्या वर्षांत त्याच्या एनएस-१ मध्ये असे बदल झाले की ही पकड पुन्हा आली. म्हणजे यजमानाचे उत्पादन बंद पाडण्याची ताकद हा विषाणूचा जन्मजात गुण मानू नये. ती निवडीने कमीजास्त होत राहते.

कोविडच्या विषाणूचे एनएसपी-१ तर याहून थेट आहे. त्याचे टोक रायबोसोमच्या ४०-एस भागातील, आरएनए जिथून शिरतो त्या वाटेत बुचासारखे बसते. विषाणूच्या स्वतःच्या आरएनएच्या सुरुवातीला एक आखूड गाठ असते आणि तिच्यामुळे त्याला त्या बंदीतून सूट मिळते. पेशीला इंटरफेरॉन बनवायचे असते, जनुकही चालू झालेले असते, पण रायबोसोम मोकळा नसतो.

कर्वेरस्ता
मंगळवार, दुपारी २:३०

विषय माझ्या अभ्यासाचा नाही, तरी तीन दिवस नेमाने वाचत आहे. उत्पादन मंद ठेवून विषाणू लपत असेल, तर औषधाने त्याला जास्त उत्पादन करायला भाग पाडून उघडे पाडता येईल का? नेहमीच्या विषाणुरोधक औषधांच्या बरोबर उलट हा विचार आहे, म्हणून विचारतो.

पाषाण टेकडी
मंगळवार, रात्री ८:४५

हा विचार प्रयोगशाळेत तपासला गेला आहे. जी-क्वाड्रुप्लेक्सला घट्ट चिकटणारा फेनडीसी-३ हा रेणू न्यूक्लिओलिनला तिथून हुसकावतो. तसे केल्यावर पेशींत ईबीएनए-१ वाढते आणि टी पेशींना दिसणारे तुकडेही वाढतात. अडचण अशी की जी-क्वाड्रुप्लेक्स आपल्या स्वतःच्या जनुकांतही हजारोंनी असतात, त्यामुळे असा रेणू औषध म्हणून देणे म्हणजे नको तिथेही हात घालणे. शिवाय ईबीएनए-१ पेशीच्या वाढीला पोषक असल्याने, टी पेशी हजर नसतील अशा रुग्णात ते वाढवणे धोक्याचे ठरू शकते.

एचआयव्हीत हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर आजमावली गेली. सुप्त विषाणूला आधी जागे करायचे आणि मग बाधित पेशी मारल्या जाऊ द्यायच्या, अशी ती आखणी आहे. २०१२ मध्ये व्होरिनोस्टॅट या कर्करोगाच्या औषधाने रुग्णांच्या सुप्त पेशींत विषाणूचा आरएनए वाढतो असे दिसले, पण अशा उपायांनी सुप्त साठा काही लक्षणीय घटला नाही. आरएनए वाढणे आणि पुरेसे प्रथिन पृष्ठभागावर दिसणे यांत अंतर आहे, आणि जागे झालेल्या पेशीला मारायला समर्थ टी पेशीही लागतात. मला विचाराल तर या वाटेवर आशा ठेवावी, पण वर्तमानपत्री मथळ्यांइतकी नाही.

याच ज्ञानाचा यशस्वी वापर झाला तो एम-आरएनए लसींत. तिथे गरज विषाणूच्या नेमकी उलट होती: बाहेरून दिलेल्या आरएनएपासून भरपूर प्रथिन बनावे, पण पीकेआरसारख्या पहारेकऱ्यांनी आरएनए पाहूनच काम बंद पाडू नये. आरएनएतील युरिडिन या अक्षराऐवजी त्याचे बदललेले रूप, स्यूडोयुरिडिन, वापरले की दोन्ही साधते, हे कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी दाखवले आणि २०२३ चे नोबेल त्यांना मिळाले. हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीची कोविडवरील एम-आरएनए लस याच घराण्यातली, पण तिची रीत थोडी वेगळी आहे. ती पेशीत स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए वापरते.

हडपसरी
बुधवार, सकाळी १०:००

शेवटी एक व्यवहाराचा प्रश्न विचारतो. माझी मोठी मुलगी चोवीस वर्षांची आहे, धाकटी बारा. समजा मोठीला आधीच संसर्ग होऊन गेला असेल किंवा असेल, तर लसीने तो बरा होईल का? आमच्या ओळखीत यावर दोन टोकाची मते ऐकू येतात.

तळजाई
बुधवार, सायंकाळी ६:२५

बरा होणार नाही, आणि त्याचे कारण काका, याच धाग्यात वर आलेले आहे. लसीने तयार होणारे प्रतिपिंड एल-१ ला धरतात. नवा विषाणू पेशीत शिरण्यापूर्वीच त्याला अडवण्यासाठी ते उत्तम आहेत. परंतु ज्या तळथरातील पेशीत विषाणू आधीच बसला आहे, ती पेशी एल-१ बनवतच नाही. तिथे या प्रतिपिंडांना धरायला काहीच नाही. याच कारणासाठी उपचार म्हणून ज्या लसींवर संशोधन चालू आहे, त्यांत एल-१ ऐवजी विषाणूचीच ई-६ आणि ई-७ ही प्रथिने लक्ष्य केली जातात, कारण कर्करोगाकडे झुकलेल्या पेशीला ती सतत बनवावीच लागतात, आणि तिथे प्रतिपिंडांपेक्षा मारक टी पेशींचे काम असते.

तरीही मोठीला लस देण्यात अर्थ नाही असे समजू नका. तिला एका प्रकाराचा संसर्ग झाला असला तरी लसीतील उरलेल्या प्रकारांपासून संरक्षण मिळते. सर्व्हाव्हॅकच्या मान्यतेप्रमाणे ९ ते १४ वयाला दोन आणि १५ ते २६ वयाला तीन मात्रा आहेत, म्हणजे तुमच्या दोन्ही मुली त्यात बसतात. आपल्या डॉक्टरांशी बोलून वेळापत्रक ठरवा. लस घेतली म्हणून मोठीने पुढे तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नये, कारण लसीत नसलेले काही प्रकारही कर्करोग घडवू शकतात.